आंबोलीच्या रात्रफेरीत साप-बेडकांचे फोटो: हात कुठवर पुढे करायचा?

केतकी_ठाणे
नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही आंबोलीला जातोय. मी, नवरा, मोठ्या जाऊबाई आणि त्यांचा ओम, वय १४. ओमला वाढदिवसाला कॅमेरा मिळालाय आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात मलबार पिट वायपर, म्हणजे चापडा साप, सोडून दुसरं काही नाही. स्थानिक मार्गदर्शकाबरोबर रात्री फिरायचं ठरवलंय.

प्रश्न दोन आहेत. पहिला सोपा: त्या पावसात आणि अंधारात कॅमेरा, लेन्स, फ्लॅश कसं सांभाळायचं? दुसरा मला जास्त छळतोय. आंबोलीचे फोटो बघत बसलं की लक्षात येतं, कितीतरी फोटोंत साप अगदी मोकळ्या, देखण्या फांदीवर असतो, मागे काळाकुट्ट अंधार. बेडूक नेमका एखाद्या लाल फुलावर. रानात हे असं किती वेळा दिसतं? माझं मत ठाम आहे. प्राणी जिथे आणि जसा दिसला तिथेच, तसाच टिपायचा. काठी लावायची नाही, फांदी मोडायची नाही. पण यावरून घरात वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, "साप वीतभर सरकवला तर त्याचं काय बिघडतं?"

खरंच काय बिघडतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनी सांगा. ओमला नुसतं "नको" म्हणून गप्प बसवायचं नाहीये, कारण सांगायचंय.

घाटवाट_निनाद
वाचतोय. ऑगस्टमध्ये आमचाही बेत आहे.

मॅक्रो_अनिरुद्ध
केतकीताई, पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो.

९० किंवा १०० मिमीची मॅक्रो लेन्स (लहान गोष्टी मोठ्या टिपणारी) असेल तर उत्तम. ५०-६० मिमीची नको, त्यात सापाच्या तोंडाशी जावं लागतं. रात्री फ्लॅशवरच सगळं असतं, त्यामुळे शटर १/२००, एफ ११च्या आसपास, आयएसओ २०० ते ४००. एवढं धरून सुरुवात करा, मग परिस्थिती बघून बदला. फ्लॅशला डिफ्यूझर (उजेड पसरवणारा पडदा) हवाच, नाहीतर बेडकाच्या ओल्या पाठीवर पांढरे डाग उठतात. विकतचा घ्यायची गरज नाही, फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्यात येतो तो पातळ पांढरा फोम कापून लावला तरी काम होतं.

सगळ्यात जास्त त्रास वाफेचा. एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढलात तर पहिली वीस मिनिटं नुसती काच पुसण्यात जातील. खोलीत एसी लावू नका. कॅमेरा बंद पिशवीतच बाहेर न्या, थोडा वेळ तसाच राहू द्या आणि मग काढा. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. घरी आल्यावर लेन्स कपाटात कोंबू नका, कोरड्या जागी उघडी ठेवा. सह्याद्रीतला पाऊस अंगावर घेतलेल्या कितीतरी लेन्स महिन्याभराने बुरशी लागून दुरुस्तीला जातात.

आणि सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे छत्री आणि ती धरणारा माणूस. नवऱ्याला ते काम द्या, वादही मिटेल.

केतकी_ठाणे
@मॅक्रो_अनिरुद्ध, छत्रीचा प्रस्ताव घरात एकमताने मंजूर झाला आहे. :)
ओमकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्सच आहे. मॅक्रो लगेच घेणार नाही. क्लोज-अप फिल्टर चालेल का?

मॅक्रो_अनिरुद्ध
चालेल, छान चालेल. पण मग बेडूक, कोळी, नाकतोडे एवढंच जवळून. सापासाठी फिल्टर काढायचा, लेन्स ५५ मिमीच्या टोकाला न्यायची, लांबून काढायचा आणि घरी क्रॉप करायचा. २४ मेगापिक्सेलमध्ये क्रॉपला भरपूर वाव असतो.

विवेक_लेन्सवाला
केतकीताई, मी तुमच्या यजमानांच्या बाजूने बोलतो, कारण इथे सगळे एकाच सुरात बोलणार हे दिसतंय.

माणूस मुंबई-पुण्याहून रात्रभर प्रवास करून येतो, पैसे मोजतो, धो धो पावसात भिजतो. समोर चापडा आहे, पण डोकं पानाआड. जाणत्या मार्गदर्शकाने हुकने (साप उचलायच्या आकड्याच्या काठीने) अलगद उचलून शेजारच्या फांदीवर ठेवला, पाच मिनिटं फोटो काढले, परत होता तिथे ठेवला. सापाला ना जखम, ना काही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आंबोली म्हणजे धबधबा आणि भाजलेली कणसं. आज देशभरातून लोक तिथे बेडूक बघायला येतात ते या देखण्या फोटोंमुळेच. ज्या सापाला लोक दिसताक्षणी ठेचायचे, त्याला बघायला आता पैसे देऊन रांग लावतात. हे फोटोंचं श्रेय नाही का? आपण सोवळ्यात राहून कोणाचंच भलं होत नाही.

सर्पमित्र_संगमेश्वर
विवेकराव, फोटोंमुळे सापांबद्दलची भीती कमी झाली हे शंभर टक्के खरं. पण "सापाला काही होत नाही" याच्याशी मी अजिबात सहमत नाही. कारण सांगतो, ओमलाही हेच सांगा.

मलबार चापडा धामणीसारखा फिरून शिकार शोधत नाही. तो दबा धरून बसतो. एक फांदी, एक खोड निवडतो आणि कित्येकदा अनेक दिवस तिथेच असतो. दिवसा वेटोळं, रात्री डोकं खाली सोडून, मान इंग्रजी एसच्या आकारात दुमडलेली. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक खळगा असतो, त्यातून त्याला उबदार प्राण्याची चाहूल लागते. ती फांदी त्याने उगाच निवडलेली नसते. खालून बेडकांची ये-जा असते, मागून आडोसा असतो, पाऊस थेट लागत नाही. पोटात काही जाण्यासाठी त्याला एवढी एकच संधी पुरेशी असते, पण ती कधी येईल याचा नेम नाही. म्हणून तो हलत नाही.

आता तुम्ही त्याला उचललंत. तुमच्या लेखी पाच मिनिटं गेली. त्याच्या लेखी एका प्रचंड प्राण्याने त्याला पकडलं आणि सोडून दिलं. तो परत त्याच फांदीवर ठेवला तरी बसून राहीलच असं नाही. एकाच झुडपावर रोज दिसणारा चापडा एखाद्या गटाने हाताळल्यावर दुसऱ्या रात्री गायब झालेला मी पाहिलाय. मेला नाही, पण हक्काची जागा सोडून गेला. आणि शनिवारी एकामागून एक असे पाच गट त्याच वाटेने जातात, हे विसरू नका. प्रत्येकाचं "फक्त पाच मिनिटं" असतं.

हुकने उचललेल्या सापाचा फोटो जाणकाराला लगेच कळतो, हेही ओमला सांगा. अंग ताठ, मान मागे खेचलेली, शेपटीने फांदी घट्ट आवळलेली. निवांत बसलेल्या सापाच्या अंगाची वेटोळी सैल असतात. चांगल्या स्पर्धांचे परीक्षक हे बघतात.

पावसाळी_प्राजक्ता
+१. सैल वेटोळ्यांचं माहीत नव्हतं. माझ्या फोनमधले जुने फोटो आता वेगळ्या नजरेने बघतेय.

डॉ_मीनल_कुडाळ
१४ वर्षांचा मुलगा बरोबर आहे म्हणून लिहिते. सगळ्यांनीच वाचा.

आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनते. चापड्यांच्या विषावर ती बनलेलीच नाही. मलबार चापड्याचा दंश सहसा जिवावर बेतत नाही, पण सूज आणि वेदना भयंकर असतात, आणि दवाखान्यात लक्षणांवरच उपचार करावे लागतात. म्हणजे "लस आहे ना, मग काय" हा दिलासा इथे नाही. शिवाय सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) दगडांखाली फुरसं असतं, ते चांगलंच विषारी. तिथे पोटावर झोपून लो अँगल घ्यायची हौस करण्याआधी जागा टॉर्चने नीट बघा.

दंश झालाच तर: अंगठी, घड्याळ, कडं आधी काढा. हात किंवा पाय हलू देऊ नका. चिरा मारायचा नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही. १०८ला फोन करा आणि सावंतवाडीची वाट धरा, साधारण ३० किलोमीटर आहे, पण घाट आणि धुकं धरून वेळ लागतो. साप मारून किंवा पकडून आणू नका. लांबून काढलेला फोटो असेल तर तो डॉक्टरांना दाखवा, तेवढा पुरे.

साध्या गोष्टी: गुडघ्यापर्यंत गमबूट, डोक्यावरचा दिवा आणि शिवाय हातात वेगळी बॅटरी. तोल गेला म्हणून फांदी, कठडा, दगड काहीही बघितल्याशिवाय धरायचं नाही. फोटो काढताना डोळा कॅमेऱ्याला असतो आणि अंतराचा अंदाज जातो, म्हणून दुसऱ्या मोठ्या माणसाने ओमच्या शेजारी उभं राहून फक्त अंतराकडे लक्ष ठेवायचं. सापाच्या लांबीपेक्षा जास्त अंतर कायम हवं.

भटक्या_बंड्या
म्हणजे एक छत्रीवाला, एक अंतरवाला, एक बॅटरीवाला. ओम साहेबांचं पूर्ण युनिट तयार झालं, आता कॅटरिंग ठरवा.

केतकी_ठाणे
कॅटरिंगचा विषय जाऊबाईंचा. त्या हा धागा वाचतायत आणि त्यांचा एकच प्रश्न आहे: शाकाहारी जेवण चांगलं मिळेल ना?

पावसाळी_प्राजक्ता
घरगुती ठिकाणी उतरलात तर कुळथाची पिठी, भात आणि फणसाची भाजी मागा. रात्री भिजून आल्यावर त्या पिठीला तोड नाही. आधी सांगून ठेवावं लागतं.

शेकरूवाला_जुन्नर
थोडं अवांतर. रात्रीचंच कशाला, दिवसाच्या वाटांवरही हेच चालतं. आमच्या भीमाशंकरला शेकरूसाठी अभयारण्य झालं १९८५ साली, राज्यप्राणी म्हणून त्याचा मान आहे, आणि पर्यटक झाडाखाली उभे राहून टाळ्या वाजवतात, शिट्ट्या मारतात, चिप्स दाखवतात. शेकरू वरून रागावून चकचकाट करतं आणि शेंड्याकडे निघून जातं. मग म्हणायचं, दिसलं पण फोटो नाही मिळाला.

फोटो मिळवायचा तर फळं लागलेलं उंबराचं झाड शोधा आणि खाली गप्प बसा. शेकरू येतं, मागच्या पायांनी लटकून दोन हातांत फळ धरून खातं, तेव्हा बराच वेळ एका जागी असतं. पाठीमागे आभाळ असतं म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, नाहीतर तो तांबूस रंग काळा येतो. शटर ५००च्या वर. बसायची तयारी नसेल तर जंगलात जाऊन फोटोची अपेक्षा धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रायगडची_शोभा
शेकरूवाले दादा, अगदी मनातलं. आमच्या भागात पावसाळ्यात तिबोटी खंड्या येतो. चिमणीपेक्षाही लहान, जांभळा, नारिंगी, पिवळा, बघत राहावं असा. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. एका घरट्यासमोर मी पंधराएक जण ट्रायपॉड लावून बसलेले पाहिले. कोणीतरी बिळासमोरचे वेल आणि नेचे कापून जागा साफ केली होती. पक्ष्याने येऊन बसावं म्हणून एक काटकी चिखलात रोवली होती.

पक्षी चोचीत सरडा घेऊन आला. समोरच्या फांदीवर बसला. मान खालीवर केली, शेपटी हलवली, पण बिळात शिरेना. उडून गेला, परत आला, पुन्हा तेच. आत पिल्लं, बाहेर चोचीत घास, आणि मधे आपण. सगळे खूश होते, कारण पक्षी फांदीवर छान पोज देत होता! ती पोज नव्हती हो, त्याची अडचण होती. मी बोलले तर एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आम्ही हातसुद्धा लावलेला नाही."

वेल कापले की मुंगसाला, सापाला, कावळ्याला बीळ उघडं पडतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी-घरटी विस्कटणं शिकारीच्याच कलमात येतं, हे त्यांच्यापैकी किती जणांना माहीत असेल?

म्हणून मला हात लावला की नाही एवढाच प्रश्न वाटत नाही. आपण आल्यावर त्या जिवाने हातातलं काम थांबवलं का, हे बघायचं. थांबवलं असेल तर आपण फार जवळ आलोय.

सर्पमित्र_संगमेश्वर
शोभाताई, इतकं नेमकं मला लिहिता आलं नसतं. चापड्यालाही हेच लागू. मान दुमडून खाली बघत असेल तर त्याचं काम चालू आहे. तुमच्याकडे तोंड वळवलं की थांबलं.

विवेक_लेन्सवाला
घरट्याबाबत पूर्ण सहमत. घरट्याचे फोटो मी काढत नाही आणि काढू नयेत.
पण मग एक सांगा. घाटात रस्त्यावर आलेला साप आम्ही काठीने बाजूला करतो, ते चालतं. फोटोसाठी बाजूला केला की पाप. सापाला फरक काय कळतो?

सर्पमित्र_संगमेश्वर
सापाला कळत नाही, पण नाही उचलला तर एका ठिकाणी तो टायरखाली जाणार असतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचं चांगलं चाललेलं असतं. रस्त्यावरचा साप ज्या दिशेने चालला होता त्याच बाजूला सोडायचा आणि निघायचं. तिथे थांबून फोटोसत्र करायचं नाही.

चौकुळकर
मी याच भागातला. पावसाळ्यात पाहुण्यांना घेऊन फिरतो. वर मार्गदर्शकांबद्दल बरंच आलंय म्हणून आमची बाजू लिहितो.

आम्हाला काठी लावायची हौस नसते. पाहुणा येतो तो फोनमध्ये फोटो घेऊनच येतो. "दादा, असा पाहिजे." तसा नाही मिळाला तर तोंड पाडतो. जाताना बक्षीस कमी, आणि वर रिव्ह्यूमध्ये लिहितो की अमक्याने काहीच दाखवलं नाही. शेजारचा मार्गदर्शक उचलून देतो, मग पुढच्या वेळी गट त्याच्याकडे. आमचं वर्षाचं गणित या चार महिन्यांवर असतं. मुलांच्या फिया, घराची शाकारणी, सगळं त्यात. नाही म्हणायला ताकद लागते आणि ती ताकद पाहुण्यांनी द्यायला हवी. ठरवताना फोनवरच सांगा, "आम्हाला काही उचलून नको, दिसेल ते बघू." हे एक वाक्य ऐकलं की आमच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. मग आम्ही पण खरं रान दाखवतो. एरवी नुसती चापड्यांची झुडपं मोजत फिरतो.

आता थोडं बेडकांचं. सापाला लोक घाबरतात तरी, बेडकाला बिनधास्त हातात घेतात. डास चावू नयेत म्हणून हाताला मलम चोपडलेलं असतं. बेडूक कातडीतून पाणी आणि हवा घेतो, ते मलम पण त्याच कातडीतून आत जातं. बेडकाला हात लावायचा नाही, विषय संपला. बूटही कोरडे, स्वच्छ धुतलेले आणा. एका जंगलातला चिखल दुसऱ्या जंगलात आला की बेडकांना होणारा बुरशीचा रोग पसरायची भीती असते.

आंबोली टोड जगात फक्त इथे आहे. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याची वेगळी नोंद केली, आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पहिल्या पावसात सड्यावर जांभ्याच्या खळग्यांत तळहाताएवढं पाणी साठतं, बोटभर खोल. त्यात त्याची अंडी. काळ्या ठिपक्यांची, वरून बघितलं तर साबुदाणा सांडल्यासारखी. अंधारात तुमच्या बॅटरीचा झोत समोरच्या बेडकावर असतो आणि बूट त्या खळग्यात. कॅमेरा घेऊन पोटावर झोपलात तर एका अंगाखाली किती खळगे येतील बघा. सड्यावर मी गटाला एका रांगेत चालवतो, उघड्या दगडावरून. कोणी रांग सोडली की तिथून परत.

आणि गव्याबद्दल. आमच्याकडे जुनी माणसं सांगतत, गवो वाटेवर दिसलो तर वाट तेची. फोटो र्‍हवांदे.

पावसाळी_प्राजक्ता
चौकुळकर दादा, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. फोनवरच सांगायचं, हे कधी सुचलंच नव्हतं. आपण पाहुणे म्हणून काय मागतो यावर ठरतं सगळं.

अमोल_डोंबिवली
गव्यावरून आठवलं. ९ डिसेंबर २०२०, कोथरूड. गवा वस्तीत शिरला, मागे शेकडो माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. तो बिचारा भिंतींवर धडका देत होता, तोंडातून रक्त येत होतं. भूल देऊन पकडला, पण जगला नाही. तेव्हाचे व्हिडिओ बघवत नाहीत. कोणी त्याला मारायला आलं नव्हतं, सगळे बघायला आणि टिपायलाच आले होते.

घाटात रात्री गवा दिसला तर काय करायचं? आम्ही मागे एकदा दिवे बंद करून थांबलो होतो.

चौकुळकर
गाडी थांबवा, दिवा अप्पर असेल तर डीपर करा, हॉर्न नको, काच खाली नको. पूर्ण अंधार केलात तर मागून येणारी गाडी तुमच्यावर येईल, पार्किंगचे दिवे चालू ठेवा. एक गेला म्हणून लगेच निघू नका, मागे कळप असतो, वासरू असतं. पायी असाल तर आल्या वाटेने मागे फिरा. एकटा नर मान खाली घालून, अंगाची आडवी बाजू दाखवत उभा राहिला तर तो तुम्हाला आकार दाखवतोय. तिथे फोटो काढत थांबलेला माणूस मूर्ख.

गौरी_सॅन_होजे
इकडे अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांमध्ये अंतर आकड्यात लिहिलेलं असतं. यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडग्यांपासून ९१ मीटर, बायसनसारख्या मोठ्या प्राण्यांपासून २३ मीटर. मुलांना शिकवतात: हात लांब करून अंगठा धरायचा, एक डोळा मिटायचा, प्राणी अंगठ्याआड पूर्ण झाकला गेला तर तुम्ही पुरेसे लांब आहात. नियम असूनही दरवर्षी कोणी ना कोणी बायसनजवळ जातंच. गव्यासाठी ओमला हा अंगठा शिकवा, त्या वयात आवडतं. बेडकाला अर्थात लागू नाही.

घाटवाट_निनाद
फ्लॅशने प्राण्यांना त्रास होत नाही का? सापाला तर पापण्याच नसतात, डोळे मिटता येत नाहीत. मग आपण रात्रभर झगमगाट करतो तो बरोबर का?

मॅक्रो_अनिरुद्ध
चांगला प्रश्न. मी स्वतः चार-पाच फ्रेमनंतर दिवे फिरवतो. फ्लॅश क्षणाचा असतो. मला जास्त खटकतो तो फोकससाठी तोंडावर सतत मारलेला बॅटरीचा झोत, तोही पाच-सहा जणांचा मिळून. झोत बाजूला पाडा, कडेच्या उजेडात फोकस होतो. घुबड, रातवा यांना फ्लॅश नकोच, त्यांचं पोट रात्रीच्या नजरेवर चालतं.

धीर आणि फ्लॅश दोन्ही एकत्र बघायचे असतील तर नयन खानोलकर यांचा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरे कॉलनीतल्या बिबट्याचा फोटो ओमला दाखवा. २०१६ साली वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी विभागात तो पहिला आला. गल्लीत कॅमेरा लावून ठेवला, आणि बिबट्या आपल्या नेहमीच्या वाटेने आपणहून त्या चौकटीत आला. त्याला कोणी तिथे आणून उभा केला नाही. माझ्या मते आपल्या मातीतला हा आदर्श आहे.

विवेक_लेन्सवाला
तो फोटो मलाही अतिशय आवडतो. पण त्यासाठी महिनोन्महिने लागतात, वाट पाहायला. दोन दिवसांच्या सुट्टीवर आलेल्या माणसाने काय करायचं, हा माझा प्रश्न तसाच राहतो.

रायगडची_शोभा
त्याने दोन दिवसांत मिळेल तो फोटो घ्यायचा, विवेकदादा. दुसरं काय?

देवगडचा_हापूस
एक राहिलं. फोनचं लोकेशन बंद करून फोटो काढा आणि टाकताना झाडाचं, ओढ्याचं नेमकं ठिकाण लिहू नका, "आंबोली परिसर" पुरे. हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात सापडलेल्या माशाची २०२० मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद झाली, हिरण्यकेशीचंच नाव त्या प्रजातीला दिलंय, आणि २०२१ मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. जागा केवढीशी! तिथे मोबाइल पाण्यात घालून मासा टिपायला सगळे उतरले तर काय उरेल?

केतकी_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना ओमला चापड्याच्या फांदीचं सगळं वाचून दाखवलं. खळग्यातून ऊब कळते हे ऐकून त्याने जेवण सोडून चित्र काढायला घेतलं. साप उचलायचा विषय त्याने स्वतःच बंद केला. मार्गदर्शकांनाही फोनवर "उचलून काही नको" सांगून टाकलं. ते दोन क्षण गप्प झाले आणि मग म्हणाले, "बरं झालं ताई, बोललात."

नवरा मात्र एका मुद्द्यावर अडून बसलाय. समोर आलेलं पान? तेवढं काठीने बाजूला धरलं तर?

मॅक्रो_अनिरुद्ध
एखादं गवताचं पातं मी लांबून बोटाने वाकवतो आणि फोटो झाल्यावर सोडून देतो. तोडत नाही.

सर्पमित्र_संगमेश्वर
मी तेही करत नाही. ज्या पानामुळे तुम्हाला साप दिसत नाही, त्याच पानामुळे तो शिक्र्यालाही दिसत नाही. शिवाय तुमचा हात सापाच्या पुढ्यात जातो, डॉक्टरांनी वर काय लिहिलंय ते बघा. पान तसंच राहू द्या, तुम्ही दोन पावलं सरका, खाली बसा, दुसऱ्या बाजूने बघा. नाहीच जमलं तर पानाआडून दिसणाऱ्या एका डोळ्याचा फोटो काढा. मला तर तो जास्त आवडेल.

विवेक_लेन्सवाला
पानाच्या बाबतीत मी केतकीताईंच्या यजमानांबरोबर. इथे आपलं जमणार नाही. :) पण हुकबद्दल पुन्हा विचार करतोय, शोभाताईंचा तो खंड्या डोक्यातून जात नाहीये.

चौकुळकर
केतकीताई, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात टोडची धांदल बहुतेक संपलेली असेल, ती पहिल्या पावसाची. चापडा दिसेल, खात्री कोणीच देत नाही. पण ओमला मलबारच्या उडत्या बेडकाकडे लक्ष द्यायला सांगा. हिरवागार, बोटांमधला पडदा लालसर. डबक्यावर झुकलेल्या फांद्यांवर पांढऱ्या फेसाचे गोळे दिसतील, ती त्याची घरटी. मादी पायांनी घुसळून फेस करते, त्यात अंडी. काही दिवसांनी पावसाने फेस विरघळतो आणि आतली पिल्लं टपटप खालच्या पाण्यात पडतात. लांबून, किट लेन्सनेही मिळेल असा फोटो आहे, नुसतं उभं राहायचं. फांदी हलवायची नाही, गोळा पाण्याऐवजी जमिनीवर पडला तर पिल्लं वाळून मरतात.

संध्याकाळी सातनंतर गाडी कमीत कमी वापरा. पावसात बेडूक रस्त्यावर येतात आणि टायरखाली जातात. उतरलात तिथून पायीच निघू, किलोमीटरभरात भरपूर दिसतं.

गमबूट मात्र ठाण्याहूनच आणा. ओमच्या मापाचे इथे मिळतील याचा भरवसा नाही.

केतकी_ठाणे
पाच नंबर. आजच घेते.